घरच्या बोक्याचे एकाच फोटोत चार-पाच बोके कसे दाखवायचे?

फोन ट्रायपॉडवर बसवा आणि शेवटच्या फोटोपर्यंत हलवू नका. फोकस, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा. ढगांमुळे उजेड सारखा बदलत असेल, तर पडदे लावून ट्यूबलाइटवरच काढा. जुन्या ट्यूबमुळे फोटोत पट्टे येत असतील तर शटर स्पीड १/१०० सेकंद ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते.

आधी रिकाम्या खोलीचा एक फोटो. मग उकडलेल्या चिकनचा तुकडा दाखवत बोक्याला सोफा, खिडकी, टेबल असं फिरवा. (तो ऐकणार नाहीच, भरपूर फोटो काढा.) दोन जागा एकमेकींवर यायला नकोत.

फोटो एडिट करायला फोटोपी किंवा गिम्प फुकट आहेत. सगळे फोटो लेयर (थर) म्हणून एकावर एक ठेवा, रिकाम्या खोलीचा सगळ्यात खाली. वरच्या प्रत्येक लेयरला काळा मास्क (लेयर झाकणारा पडदा) लावा आणि मास्कवर पांढऱ्या ब्रशने फक्त बोका उघडा. सावलीही घ्या, नाहीतर तो तरंगताना दिसेल.