क्लाउडवरच्या डेटाबेसची एन्क्रिप्शन किल्ली कुणाकडे असावी आणि ती कशी सांभाळावी?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला विजयनगरमध्ये तुमची छोटी कंपनी आहे, तीन-चार पतसंस्थांचं सॉफ्टवेअर चालवता. डेटाबेस अॅमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस), मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांच्या गटात) आरडीएस या डेटाबेस सेवेत पोस्टग्रेसवर, एका संस्थेचा मात्र मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअर एसक्यूएलवर. कन्सोलवर ‘एन्क्रिप्टेड’, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असं दिसतं. रामबागेतल्या संस्थेचा ऑडिटर विचारतोय की किल्ली कुणाच्या ताब्यात आहे आणि दर वर्षी बदलता का.

सध्या ती अॅमेझॉनच्या ताब्यात आहे, तसंच लिहून द्या. डेटाबेस बनवताना तुम्ही किल्ली निवडली नसेल तर आरडीएस ‘एडब्ल्यूएस मॅनेज्ड’ किल्ली लावतं. तिला भाडं नाही, वर्षातून एकदा ती आपोआप रोटेट होते (आतलं गुप्त मटेरिअल बदलतं), आणि कुणाला ती चुकूनही पुसता येत नाही. पण तिची पॉलिसी, म्हणजे ती कुणी कशी वापरावी याचे नियम, तुम्हाला बदलता येत नाहीत, आणि तिने एन्क्रिप्ट केलेला स्नॅपशॉट (डेटाबेसची त्या क्षणाची पूर्ण प्रत) दुसऱ्या अकाउंटला देता येत नाही. मला ही शेवटची अडचण सगळ्यात मोठी वाटते. अकाउंटच हातचं गेलं तर बॅकअपही त्याच्याबरोबर जातो.

म्हणून केएमएस या अॅमेझॉनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत स्वतःची, म्हणजे ‘कस्टमर मॅनेज्ड’ किल्ली बनवा. महिन्याला 1 डॉलर भाडं, वर दर 10,000 विनंत्यांना 0.03 डॉलर. चालू डेटाबेसची किल्ली मात्र जागच्या जागी बदलत नाही. त्यासाठी अॅपचं डेटाबेसमधलं लिखाण थांबवायचं, मॅन्युअल स्नॅपशॉट घ्यायचा, तो कॉपी करताना नवी किल्ली निवडायची आणि त्या कॉपीवरून नवा डेटाबेस उभा करायचा. असं रिस्टोअर करताना सिक्युरिटी ग्रुप (कुणाला जोडता येईल याचे नियम) आणि पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसच्या सेटिंग) स्वतः तपासून निवडा. मग जुन्याचं नाव बदला आणि त्याचं मूळ नाव नव्याला द्या, म्हणजे अॅपला पत्ता तोच राहतो. रीड रेप्लिका (फक्त वाचण्यासाठीची जोडप्रत) असेल तर ती नव्याने बनवावी लागेल, कारण एकाच रीजनमध्ये तिची किल्ली मूळ डेटाबेसचीच असावी लागते.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. रिस्टोअर झालेला डेटाबेस ‘अव्हेलेबल’ दिसला तरी डेटा एस3 या अॅमेझॉनच्या साठ्यावरून मागणीनुसार येत असतो, त्यामुळे पहिले काही तास क्वेरी रखडतात. मोठी टेबलं आधीच एकदा पूर्ण वाचून घ्या. आणि ‘कालच्या चार वाजताच्या स्थितीला न्या’ ही सोय नव्या डेटाबेसवर शून्यापासून सुरू होते, तेव्हा जुना घाईने पुसू नका. काम शनिवारी रात्री करा. रात्रीच्या खाऊगल्लीमुळे सराफ्यात गर्दी असली तरी पतसंस्थेचा काउंटर बंद असतो.

आता खरी जोखीम. लहान कंपनीत किल्ली चोरीला जाण्यापेक्षा आपल्याच माणसाच्या हातून मरण्याची शक्यता जास्त असते. कुणीतरी बिल कमी करायला ‘न वापरलेल्या’ किल्ल्या साफ करतो आणि त्यात ही जाते. केएमएस किल्ली लगेच पुसत नाही, 7 ते 30 दिवसांची मुदत ठेवतं. पण त्या मुदतीत किल्ली चालत नाही. आरडीएसला ती मिळेनाशी झाली की डेटाबेस बंद पडून ‘सुधारता येण्याजोग्या’ स्थितीत जातो आणि तिथे 7 दिवस राहतो. तेवढ्यात किल्ली परत चालू करून डेटाबेस सुरू केला तर ठीक. नाहीतर तो कायमचा जातो आणि बॅकअपवरून उभा करावा लागतो. त्या बॅकअपलाही तीच किल्ली लागते! आणि पुसणं रद्द केलं तरी किल्ली ‘डिसेबल्ड’ असते, ती वेगळी चालू करावी लागते. घाईत हे हटकून विसरतं.

यावर उपाय तीन. मुदत नेहमी 30 दिवस ठेवा, कमी दिवस मागितले तर नकार मिळेल अशी अट किल्लीच्या पॉलिसीतच घालता येते. क्लाउडट्रेलमध्ये (अकाउंटमधल्या हालचालींच्या नोंदवहीत) किल्ली बंद करण्याची किंवा पुसण्याची नोंद आली की इव्हेंटब्रिज या सूचना पुढे पाठवणाऱ्या सेवेवरून दोघांना तरी मेल जाईल असा नियम लावा. तिसरा उपाय मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो: दुसरं अकाउंट उघडा, स्नॅपशॉट आणि किल्ली वापरण्याची परवानगी त्याला द्या, आणि तिथे त्या अकाउंटच्या स्वतःच्या किल्लीने कॉपी बनवा. नुसता शेअर करून थांबलात तर ती प्रत अजून पहिल्याच किल्लीवर अवलंबून असते. प्रत हैदराबाद रीजनमध्ये हवी असेल तर तिथलीही किल्ली लागेल, कारण साधी किल्ली एका रीजनपुरतीच असते. दर तिमाहीला या दुसऱ्या अकाउंटात एकदा रिस्टोअर करून सभासद आणि खात्यांची बेरीज जुळवा.

परवानग्या माणसाच्या नावाने देऊ नका, रोलला, म्हणजे कामाच्या भूमिकेला द्या. पॉलिसीत आयएएम युजर (अॅमेझॉनवरचं एका माणसाचं लॉगिन) लिहिला आणि तो माणूस नोकरी सोडून गेल्यावर युजर पुसला, तर त्याच नावाचा नवा युजर बनवूनही हक्क परत येत नाहीत. पॉलिसीतलं रूट अकाउंटचं (अख्ख्या अकाउंटला हक्क देणारं) वाक्य ‘सुरक्षेसाठी’ काढू नका. तसं केल्यावर शेवटचा अॅडमिन गेला तर किल्ली सांभाळायला कुणीच उरत नाही आणि अॅमेझॉनच्या सपोर्टच्या दारात बसावं लागतं. किल्ली सांभाळणाऱ्या रोलला डिक्रिप्टचा (डेटा उघडण्याचा) हक्क नको, अॅपच्या रोलला पॉलिसी बदलण्याचा नको. सांभाळणारा स्वतःलाच हक्क देऊ शकतो, हे खरं आहे. म्हणून तर नोंदी हव्यात.

रोटेशनबद्दल बहुतेक लोक गैरसमजात असतात. तुमच्या किल्लीवर ते चालू करता येतं, 90 ते 2560 दिवसांत कधीही, न सांगितल्यास 365. पण त्याने जुना डेटा पुन्हा एन्क्रिप्ट होत नाही. जुनं मटेरिअल केएमएस ठेवून घेतं आणि नव्या कामाला नवं वापरतं. ऑडिटची अट पूर्ण होते, एवढाच त्याचा उपयोग समजा.

शिवाय डिस्कचं एन्क्रिप्शन डिस्क आणि बॅकअप चोरणाऱ्याला अडवतं. डेटाबेसचा पासवर्ड ज्याच्या हाती पडला त्याला सगळं साफ दिसतं. पॅन, आधार, खाते क्रमांक अॅपमध्येच एन्क्रिप्ट करून मग डेटाबेसमध्ये ठेवा. आधार ठेवण्याचं कारण नसेल तर ठेवूच नका, शेवटचे 4 अंक पुरतात.

प्रत्येक ओळीसाठी केएमएसला विचारू नका. 1 लाख ओळींचं बिल फक्त 0.30 डॉलर होईल, पण एका विनंतीला 5 मिलिसेकंद धरले तरी आठ मिनिटांच्या वर जातील. केएमएसकडून 256 बिटांची डेटा किल्ली (अॅपने स्वतः डेटा एन्क्रिप्ट करायची किल्ली) मागवा, तिची एन्क्रिप्टेड प्रत टेबलात ठेवा, उघडी फक्त अॅपच्या मेमरीत. एन्क्रिप्शनसाठी एईएस-जीसीएम ही पद्धत वापरा. त्यात 12 बाइटचा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) दर वेळी नवा हवा, एकाच किल्लीवर तो पुन्हा आला तर सगळं कोसळतं. पॅन 10 बाइटचा, नॉन्स 12, टॅग (छेडछाड ओळखणारी खूण) 16, कोणती डेटा किल्ली वापरली ते सांगणारा आवृत्तीचा 1, म्हणजे 39 बाइट. व्हारचार 10 च्या (10 अक्षरांच्या) कॉलममध्ये हे मावणार नाही, बाइटए हा कच्च्या बाइटांचा प्रकार घ्या. सभासदाचा आयडी आणि कॉलमचं नाव जोडीला ‘अतिरिक्त डेटा’ म्हणून द्या, म्हणजे एकाचा पॅन दुसऱ्याच्या ओळीत चिकटवता येत नाही. पीजीक्रिप्टो (पोस्टग्रेसच्या आतच एन्क्रिप्ट करणारी जोडणी) टाळा, किल्ली क्वेरीतून गेली की ती लॉगमध्ये सापडू शकते.

शोधासाठी वेगळ्या किल्लीने एचमॅक-शा256 (मूळ मजकुराचा किल्लीने काढलेला ठसा) काढून बाजूच्या कॉलममध्ये ठेवा, आधी मोठी अक्षरं करून आणि मोकळ्या जागा काढून. किल्लीशिवायचा नुसता शा256 आधारला निरुपयोगी आहे. 12 अंकी संख्या फार तर 1 लाख कोटी, सगळ्यांचे ठसे काढून ताडून पाहणं हे चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही मिनिटांचं काम. अर्धवट शोध आणि क्रमवारी मात्र आता विसरा.

ही डेटा किल्ली बदलताना मात्र डेटा खरोखर पुन्हा लिहावा लागतो: हजार-हजार ओळींच्या तुकड्यांत, आवृत्तीच्या बाइटवरून जुन्या ओळी शोधून. जुन्या आवृत्तीच्या ओळी शून्य झाल्या तरी ती किल्ली टाकू नका. तिने लिहिलेल्या ओळी ज्या बॅकअपांत आहेत, त्यातल्या शेवटच्याची मुदत संपेपर्यंत ठेवा.

‘किल्ली आमच्याच ऑफिसात हवी’ असं एखादं संचालक मंडळ म्हणेल. बाहेरच्या किल्लीची सोय केएमएसमध्ये आहे, पण मग तुमच्या ऑफिसची लाइन गेली की डेटाबेसही अडकतो. मी नको म्हणेन.

अॅझ्युअर एसक्यूएलवर स्वतःची किल्ली लावायची तर की व्हॉल्टमध्ये (अॅझ्युअरच्या किल्ल्यांच्या तिजोरीत) सॉफ्ट डिलीट (पुसलेलं काही दिवस परत मिळवण्याची सोय) आणि पर्ज प्रोटेक्शन (त्या दिवसांत कायमचं पुसू न देणारी सोय) दोन्ही चालू करा. पर्ज प्रोटेक्शन एकदा लावलं की काढता येत नाही, हे तुमच्याच फायद्याचं आहे. व्हॉल्टची परवानगी तुटली तर साधारण 10 मिनिटांत डेटाबेस कनेक्शन नाकारतो. 30 मिनिटांच्या आत परवानगी परत दिली तर आपोआप सावरतो, त्यानंतर हाताने काम करावं लागतं. आणि तिथेही किल्ली बदलल्यावर जुन्या बॅकअपना जुनीच लागते, तेव्हा तिची आवृत्ती बंद करण्याआधी बॅकअपची मुदत पाहा.