‘माझ्याशी कोणीच बोललं नाही तर?’

जून जवळ आला, की ठाण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात एकच काळजी निरनिराळ्या आवाजांत ऐकू येते. आईवडील विचारतात, “नव्या शाळेत ती रुळेल ना?” आणि ते बाहेर गेले, की मूल विचारते, “माझ्याशी कोणीच बोललं नाही तर?” २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीला उच्च प्राथमिक मानतो आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही याच तीन इयत्तांचा वेगळा टप्पा आहे. आपल्याकडच्या अनेक जुन्या मराठी शाळांत मात्र चौथीनंतरच प्राथमिक विभाग संपतो आणि पाचवीला इमारत, कधी कधी शाळाही, बदलते. इयत्ता कोणतीही असो, मुलाच्या वाट्याला येणारे बदल तेच असतात: दिवसभर सोबत असणाऱ्या एका बाईंऐवजी तासातासाला नवे शिक्षक, ओळखीच्या तुकडीऐवजी अनोळखी चेहरे, आणि काल शाळेत सर्वांत मोठे असताना आज एकदम सर्वांत लहान होणे.

मुग्धा (नाव व ओळखीचे तपशील बदलले आहेत) कळव्याची. चौथीपर्यंतची शाळा घराच्या मागेच होती. पाचवीसाठी नौपाड्यातल्या शाळेत प्रवेश झाला होता. मे महिन्याच्या अखेरीपासून तिचे रोज सकाळी पोट दुखू लागले. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघाले नाही. “मॅडम, आम्ही तिला रोज समजावतो, की काही होणार नाही, भरपूर मैत्रिणी मिळतील. तरी रडतेच,” आई म्हणाली. हे पोट खरोखरच दुखत होते, ते नाटक नव्हते, एवढे मी आईला प्रथम सांगितले, कारण अशा घरांत ‘ढोंग करते’ हा शब्द कुणीतरी उच्चारलेला असतोच.

पहिल्या भेटीत मुग्धा फारशी बोलली नाही. नंतर एकदा मी थेट विचारले, “पहिल्या दिवशी नेमकं काय होईल असं तुला वाटतं?”

“हजेरीला मी चुकीच्या नंबरला ‘हजर’ म्हणेन. सगळे हसतील.”

“हसले, तर पुढे काय होईल?”

“मग वर्षभर मला कोणी डब्याला घेणार नाही.”

हसणे आणि वर्षभराचा एकटेपणा यांच्यामध्ये तिच्या मनात एकही पायरी नव्हती. कोणी हसणार नाही, अशी हमी मी तिला दिली नाही. तशी हमी कोणालाही देता येत नाही आणि मुलांना ते चांगले कळते. मी एवढेच विचारले, “तुमच्या जुन्या वर्गात कोणी नवी मुलगी आली होती का?”

“हो, तिसरीत. दिवाळीनंतर.”

“पहिल्या दिवशी तिचं काही चुकलं होतं?”

मुग्धाने बराच वेळ आठवून पाहिले. “ती दुसऱ्याच्याच बाकावर जाऊन बसली. आम्ही हसलो.”

“मग?”

“मग काय? मधल्या सुट्टीत ती आमच्यातच बसली. तिनं खिचडी आणली होती.”

“त्या दिवशी तिची वेणी होती की केस कापलेले होते?”

“ते कोणाला आठवतंय!” असे म्हणून ती थांबली. मीही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “म्हणजे मी चुकले तरी कोणाच्या लक्षात राहणार नाही?”

जुन्या वर्गात आलेल्या नव्या मुलीबद्दलचा हा प्रश्न गेली अनेक वर्षे मी मुलांना विचारत आले आहे आणि तो क्वचितच वाया जातो, कारण त्याचे उत्तर माझ्याकडून नव्हे, तर मुलाच्या स्वतःच्या अनुभवातून येते. या वयाच्या आसपास मुलांना आपण सतत कोणाच्या तरी नजरेखाली आहोत असे वाटू लागते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षकवर्ग’ म्हटले. माझी स्वतःची बैठक मात्र अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचाराची आहे. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाला आपण जो अर्थ देतो, तो आपल्याला अधिक छळतो, हे मला दहा वर्षांच्या मुलांकडूनच सर्वांत स्पष्टपणे कळले आहे. पुढच्या भेटीत मुग्धानेच क्रम लावला: “हसतील. मला वाईट वाटेल. मग दुसरा तास सुरू होईल.”

पालकांना मी जे सांगते, ते याच्याशीच जोडलेले आहे. ‘काही होणार नाही’ या वाक्यातून मुलाला एवढेच ऐकू येते, की काही झाले तर ते भयंकर असेल. त्याऐवजी ‘चुकलीस तर काय करशील?’ असे विचारावे आणि उत्तर तिलाच शोधू द्यावे. शाळा सुरू होण्याआधी एकदा तिला घेऊन त्या रस्त्याने जावे. पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे, अडचण आली तर कोणाला विचारायचे, हे माहीत असले की अर्धी भीती ओसरते. दप्तर वेळापत्रकाप्रमाणे रात्री तिनेच भरावे. आणि पहिल्या दिवशी दारातच ‘मैत्रीण मिळाली का?’ हा प्रश्न नको. तो दिवस म्हणजे परीक्षाच होती, असे त्यातून आपणच तिला सांगत असतो. मुग्धाच्या आईला ही एक गोष्ट सर्वांत अवघड गेली, कारण निकाल तिलाही हवा होता.

पहिले दोन-तीन आठवडे कुरकुर चालणारच. महिना उलटूनही शाळेच्या दिवशी पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही, झोप किंवा जेवण बिघडले आहे, असे दिसले तर वर्गशिक्षकांना भेटावे आणि समुपदेशकाकडे यावे. मात्र मूल एखाद्याचे नाव घेऊन ‘तो मारतो’, ‘ती रोज चिडवते’ असे सांगत असेल, तर त्याला विचार बदलायला सांगू नये. त्या वेळी शाळेने हस्तक्षेप करायला हवा आणि पालकांनी तो त्याच आठवड्यात मागायला हवा.