‘राहू दे त्याला तिथंच’ असं म्हणण्याआधी

प्रश्न : ताई नमस्कार. माझा भाचा १६ वर्षांचा आहे, दहावी अर्धवट सोडली. मोठ्या पोरांच्या नादानं मोटारसायकल चोरीत सापडला, त्यातला एक २० वर्षांचा आहे. आज १२ दिवस झाले भाचा रिमांड होमला आहे. भाऊजी नाहीत. बहीण जामिनाला जायलाच तयार नाही, म्हणते राहू दे तिथंच चार-सहा महिने, शिस्त लागेल, कामपण शिकवतात म्हणे. तिथं राहून मुलगा खरंच सुधरतो का? — एक मामा

उत्तर : दादा, आधी एक सांगते, बहिणीवर चिडू नका. एकट्या बाईनं पोरगं वाढवायचं आणि मग दारात पोलीस यायचे, त्या माऊलीचा धीर सुटलाय, तिला पोरगं नकोय असं नाही. पण ती म्हणतेय ते करू नका, जामिनासाठी जाच.

आपण रिमांड होम म्हणतो ते कायद्याच्या भाषेत निरीक्षणगृह, म्हणजे चौकशी चालू आहे तोवर मुलाला ठेवायची जागा. दुसरं असतं विशेष गृह, तिथं बाल न्याय मंडळानं मुलाचा दोष आहे असं ठरवल्यावरच पाठवतात, तेही जास्तीत जास्त ३ वर्षं, आणि शिक्षण, कामाचं ट्रेनिंग, समुपदेशन हे सगळं तिथं द्यायचं असतं. बहिणीच्या डोक्यात जे शिस्त लावणारं होस्टेल आहे ते यातलं एकही नाही. निरीक्षणगृहात मुलं सारखी येत-जात असतात, आज आलेला परवा जामिनावर जातो, मग शिवणकाम नाहीतर वायरिंग शिकवणाऱ्या सरांनी कुणाला पुढचा धडा द्यायचा सांगा. आणि ज्याच्या घरचं कुणी येत नाही तो मागं राहतो, त्याला वाटायला लागतं की आपण घरच्यांना नकोच आहोत.

मी बरीच वर्षं अशा गृहांतल्या मुलांबरोबर समुपदेशनाचं काम केलंय. एक पोरगा होता, याच वयाचा. महिन्याभरानं आई भेटायला आली, डब्यात चपातीचा लाडू, आणि बसल्यापासून जे रागवायला लागली ती भेटीची वेळ संपेपर्यंत. पोरगं खाली मान घालून डब्याचं झाकण उघडझाप करत होतं. ती उठली तेव्हा त्यानं एकच विचारलं, कुत्रीला पिल्लं झाली का गं? आई तिथंच मटकन बसली. त्या दिवसानंतर तो माझ्याशी बोलायला लागला, त्याआधीचे सगळे तास माझे फुकट गेले होते.

थोड्या दिवसांच्या मुक्कामाचा उपयोग होतच नाही असं मी म्हणणार नाही. नशेत अडकलेल्या मुलाला चार आठवडे नियमानं झोप, जेवण आणि बोलायला माणूस मिळालं तर चेहरा बदलतो, हे डोळ्यांनी बघितलंय. पण तो बाहेर पडून पुन्हा त्याच नाक्यावर त्याच टोळक्यात जाऊन उभा राहिला तर सगळं पाण्यात. म्हणून बाहेर आल्यावर सकाळी उठून तो कुठं जाणार हे आत्ताच ठरवायला लागतं, त्यावरच सगळं आहे.

आता कामाचं. भाच्याची केस मंडळापुढं चालेल, त्या २० वर्षांच्या मुलाची वेगळी, मोठ्यांच्या कोर्टात. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात जामीन हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद, म्हणजे सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा सोडण्यानं न्यायाचा हेतूच फसेल असं वाटलं तरच नाकारतात. इथं तुमचं काम येतं दादा. आई पुढं येत नसेल तर योग्य व्यक्ती म्हणून मुलाला तुमच्या ताब्यात द्या असा अर्ज तुम्ही करू शकता, मंडळ तुमची चौकशी करेल आणि ठरवेल. तुमचं गाव त्या टोळक्यापासून लांब असेल तर ते अर्जात ठळक लिहा. जामीन मिळूनही अटी पुऱ्या होत नसतील, समजा जामीनदारच मिळेना, तर ७ दिवसांनी मुलाला परत मंडळापुढं नेऊन अटी बदलून मागता येतात, हे कितीतरी घरांना कुणी सांगतच नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो.

प्रोबेशन ऑफिसरला स्वतःहून भेटा. घरची परिस्थिती, शाळा, मित्र असा सगळा रिपोर्ट ते मंडळाला देतात, त्यासाठी १५ दिवस असतात आणि तुमचे १२ गेलेत, तेव्हा उद्याच जा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला घ्या, वय त्यावर ठरतं. नशा करत असेल तर लपवू नका, मंडळ व्यसनमुक्तीच्या उपचारांना पाठवू शकतं. शाळेत किंवा ट्रेनिंगला जायचा हुकूमही देऊ शकतं, १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायची तुमची तयारी असेल तर तसं बोला.

आणि बहिणीला एकदा भेटायला घेऊन जा. तिथं चोरीचा विषय नको, घरचं काहीबाही सांगा.

प्रश्न : माझ्यावर १५ व्या वर्षी केस झाली होती, मंडळानं समज देऊन सोडलं. आता पोलीस भरतीचा फॉर्म भरायचाय. तो डाग आडवा येईल का?

उत्तर : नाही. याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लहानपणीच्या अशा निकालामुळं कुठलीही अपात्रता येत नाही, अपिलाची मुदत संपल्यावर रेकॉर्डही नष्ट करायचं असतं. सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये उमेदवाराच्या बाजूनंच निकाल दिला, अल्पवयीन असतानाची केस नोकरीच्या आड आणता येत नाही. फॉर्ममध्ये केसबद्दल रकाना असेल तर काय लिहायचं ते विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला विचारून मगच लिहा, आणि मंडळाच्या ऑर्डरची नक्कल जवळ ठेवा. पळायचा सराव बंद करू नका.