झिंगे मेले म्हणून पाणी बदलू नका, निदान त्या विहिरीचं तरी

खानापूरकर, तुमचा प्रश्न वाचला आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. माशांच्या दीड फुटी टाकीत तुम्ही वीस लाल चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे झिंगे, सोडले, शेवाळ खाऊन काच साफ ठेवतील म्हणून. दोन महिने छान चाललं. परवा परसातल्या विहिरीच्या पाण्याने तिसरा हिस्सा पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत सहा आडवे. गप्पी वर तोंड काढून बसलेत. त्यावर एका भल्या माणसाने सल्ला दिलाय की पाणी खराब झालंय, अर्धं बदलून टाका.

नका बदलू. बाकीचं उत्तर रात्री जेवण झाल्यावर वाचलं तरी चालेल, पण त्या विहिरीची बादली आज टाकीत ओतू नका. मी ओतली होती.

स्पंज फिल्टर, टाकी मुरवणं, थेंबाथेंबाने पाण्याची सवय लावणं हे सगळं तुम्ही केलेलं दिसतंय, नाहीतर दोन महिने जगलेच नसते. त्यात जात नाही.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, मागाचा धंदा, मागे जुनी दगडी बांधणीची विहीर. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाऊस कसा पडला ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. विहीर काठोकाठ. माझ्याकडे तेव्हा तीन फुटी टाकी होती. कोल्हापूरहून आणलेल्या पंधरा झिंग्यांचे दीड वर्षात पावणेदोनशेच्या आसपास झाले होते. रात्री दिवे घालवून टॉर्चने मोजायचो, बायको म्हणायची, "सुकटीला पुरतील एवढे झाले की आता." अंडी धरलेली मादी ओळखायला ती माझ्याआधी शिकली, हेही सांगतो.

मला एका गोष्टीचा भारी गर्व होता. नळाचं पाणी वापरणारे क्लोरीन मारायचं औषध घालत बसतात, आमच्याकडे विहीर आहे, आम्हाला काय त्याचं! रविवारी दोन बादल्या शेंदायच्या आणि थेट टाकीत. त्या रविवारीही तेच केलं. सर्दीने नाक बंद होतं, वास येण्याचा प्रश्नच नव्हता.

अर्ध्या तासात झिंगे टाकीभर भिरभिरायला लागले. मला वाटलं, एखाद्या मादीने कात टाकली असणार. कात टाकलेल्या मादीच्या वासाने नर असेच वेड्यासारखे पोहतात, ज्यांनी पाळलेत त्यांना माहीत आहे. मी मुलाला हाक मारून दाखवलं सुद्धा. मग एकेक खाली बसायला लागला, पाय हलतायत पण उठता येत नाही, आणि अंगाचा लाल रंग आतून दुधाळ. दुपारी चारपर्यंत तीस-चाळीस गेले.

आणि मग मी ती चूक केली. पावसाचा गाळ पाण्यात आला असेल असं ठरवून त्याच विहिरीचं आणखी चार बादल्या पाणी बदललं. ज्याने मारलं त्याचाच दुसरा डोस, तोही पहिल्याहून मोठा. पहिल्या वेळेचं नुकसान मी दैवावर घालतो, दुसऱ्या वेळेचं माझ्यावर. रात्री दहापर्यंत टाकीत हलणारं म्हणजे गप्पी आणि गोगलगायी. सकाळी जावा मॉस या पाणवनस्पतीच्या आत वीस-एक सापडले. तेही पुढच्या तीन दिवसांत गेले, आणि ते का गेले ते मला फार उशिरा कळलं: क्लोरीनने स्पंजमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मारले, त्यामुळे अमोनिया साचला. म्हणजे मारेकरी घरातून निघून गेल्यावरही काम चालूच होतं.

कारण कळलं ते शेजारच्या काकूंकडून, आठवड्याने. "अहो, शनिवारी ती पोरं येऊन विहिरीत पांढरी पूड टाकून गेली की. तुम्ही मागावर होता, म्हणून सांगायचं राहून गेलं."

ब्लीचिंग पावडर. पुरानंतर गॅस्ट्रो आणि कावीळ पसरू नये म्हणून विहिरींत टाकतात, आणि टाकायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हिशोब असा आहे: चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते झालं 28 हजार लिटर, म्हणजे सत्तरेक ग्रॅम. पाणी गढूळ असलं तर जास्त लागते. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे पोरांनी अर्धी बादली ओतली होती. काकूंचं मोजमाप सोडून द्या, तरी ग्रॅममध्ये नक्कीच नव्हतं. नळाच्या पाण्यात असतं तेवढं क्लोरीन माणसाच्या पोटाला काही करत नाही, पण झिंग्याच्या कल्ल्याला तेवढंही पुरतं. इथे तर त्याच्या कितीतरी पट असणार.

आता ही पावडर टाकायला लावणाऱ्या कार्यालयाचं. नाव घेत नाही, तुम्हीही विचारू नका. मला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या: पावडर कोणत्या तारखांना टाकणार, आणि किती. पहिल्या दिवशी "साहेबरु इल्ला", म्हणजे साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी "नाळे बन्नी", उद्या या. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, काम काय. मी म्हटलं, विहिरीत औषध टाकल्यावर माझे झिंगे मेले. त्याने पुराच्या नुकसानभरपाईचा फॉर्म पुढे केला. त्यात मृत जनावरांचा रकाना: गाय, म्हैस, बैल, शेळी. मी म्हटलं, भरपाई नको, तारीख हवी. तो म्हणाला, तारखेचा फॉर्म नाही. अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणून परत पाठवलं, तोही मी आणला (मला कन्नड लिहिता येतं, तो वाद इथे कुणी काढू नये). ज्याने अर्ज घेतला तो फोनवर घरी आमच्यापेक्षा अस्सल मराठी बोलत होता. पोच मिळाली, उत्तर आजतागायत नाही. सहा खेपा झाल्या, त्यात मागाचे तीन दिवस बुडाले, आणि ते मला झिंग्यांपेक्षा जास्त महाग पडले. म्हणून माझं मत ऐका, तिकडे जाऊच नका. शेजारच्या काकूंना सांगून ठेवा, "पांढरी पूड घेऊन कुणी आलं तर हाक मारा." माझी यंत्रणा 2019 पासून हीच आहे आणि एकदाही चुकलेली नाही.

तुमच्याबद्दल. परवाचं क्लोरीन टाकीतून आतापर्यंत बहुतेक संपलंय, ते टिकत नाही. आता भीती अमोनियाची. हवेचा पंप जोरात सोडा, खाणं पूर्ण बंद करा, मेलेले रोज दोनदा काढा. कुणा मित्राची चालू टाकी असेल तर त्याचा स्पंज तुमच्या टाकीत पिळा, घाण दिसली तरी पिळा. अमोनियाचा टेस्ट किट मिळाला तर बघा. रंग वाढलाच तर पाणी बदलावं लागेल, पण दहा टक्के, हळूहळू, आणि तपासलेल्या पाण्याने.

तपासायचं कसं? ऑर्थोटोल्युडिनचे थेंब मिळतात, पोहण्याच्या तलावाचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा प्रयोगशाळेचं साहित्य ठेवणाऱ्या दुकानात. पाण्यात टाकले की क्लोरीन असेल तर पिवळं होतं, जास्त असेल तर नारिंगीकडे जातं. तपासलेलं पाणी मोरीत ओता, टाकीत परत नको, ते रसायन चांगलं नाही. क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट, तेच ते फोटो स्टुडिओवाल्यांचं हायपो. पूर्वी मी खडे बाजाराकडच्या एका स्टुडिओतून पुडीभर खडे आणायचो, आता स्टुडिओतच कुणाला हायपो माहीत नसतो. मत्स्यपालनाच्या दुकानातलं तयार औषध घ्या आणि बाटलीवरचं प्रमाण पाळा. घाई नसेल तर बादलीत पंपाला जोडलेला हवेचा दगड सोडून दोन दिवस ठेवा, मग थेंब टाकून खात्री करा. मी दोन्ही करतो. दुधाने पोळलेला माणूस आहे.

एक शंका मात्र नोंदवतो, कारण मी काही मत्स्यशास्त्र शिकलेलो नाही आणि तुमची टाकी पाहिलेली नाही. क्लोरीनचे मृत्यू काही तासांत होतात आणि लहानमोठं बघत नाहीत. पण पाणी बदलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखाद-दुसरा मोठा झिंगा मरत असेल आणि मानेमागे पांढरी कडी दिसत असेल, तर ते कात नीट न टाकता आल्याचं लक्षण. खानापूरची जमीन जांभ्याची, पाणी मऊ, पावसाळ्यात तर आणखी पातळ. चेरी श्रिंपला कवच बांधायला कॅल्शियम लागतं. पाण्याचा कडकपणा (जीएच) सहा ते आठ अंश आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, दीडशे ते अडीचशे पीपीएम असलं की ते खूश असतात. अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीतल्या बोअरवाल्यांची रड बरोबर उलटी, त्यांचं पाणी इतकं जड की काचेवर पांढरे डाग. दोघांना एकच सल्ला देणारे लोक असतात, त्यांच्यापासून सांभाळा. तुमच्यासाठी सोपा उपाय: चोर्ला घाटातून गोव्याची मासळी येते, तिसऱ्या खाल्ल्या की शिंपले फेकू नका. चांगले उकळा, घासा, चार-पाच टाकीत टाका. मऊ पाण्यात ते हळूहळू विरघळतात. समुद्रफेसाचा तुकडाही चालतो.

आणि "साफसफाईला झिंगे" या कल्पनेबद्दल थोडं कडू बोलतो. चेरी श्रिंप काचेवरचा मऊ थर, उरलेलं खाणं, कुजकी पानं खातात. माशांची विष्ठा कुणीही खात नाही, झिंगेही नाही. काळ्या दाढीसारख्या शेवाळाला ते तोंड लावत नाहीत. तंतुमय हिरव्या शेवाळासाठी आमानो श्रिंप बरे, चार-पाच सेंटिमीटरचे धट्टेकट्टे गडी. ताकाशी आमानो या जपानी छायाचित्रकाराने ते टाक्यांत रुजवले म्हणून ते नाव. पण त्यांची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, अळ्यांना खारट पाणी लागतं, तेव्हा घरी वाढवण्याची स्वप्नं सोडा. शेवाळ फार येत असेल तर दिवा आठ तासांवरून सहावर आणा. झिंग्यांना नोकर म्हणून आणलं की माणूस त्यांच्या पाण्याकडे नोकराच्या जेवणाइतकंच लक्ष देतो. मीही दिलं होतं.

जाता जाता दोन-तीन गोष्टी. मलप्रभेतून किंवा मार्कंडेयेतून जाळ्याने झिंगे धरून टाकीत घालायचा मोह होईल. लांब चिमट्यांचे असतात ते रात्री गप्पी धरून खातात, मी पाहिलंय. उलट दिशेनेही नको: जास्त झालेले चेरी विहिरीत, तळ्यात, नदीत सोडू नका, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. डासांची फवारणी करणारी गाडी गल्लीत आली की खिडक्या लावा, टाकीवर ओलं फडकं टाका आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण तो बाहेरचीच हवा आत ओढतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची औषधं घेताना तांबं आहे का ते वाचा. तांबं म्हणजे झिंग्यांना विषच. भाजी मंडईतला पालक उकळून दिला तरी मला विश्वास वाटत नाही, मी परसातला शेवगा देतो. देशी बदामाची वाळून पडलेली पानं मात्र बिनधास्त टाका, आमच्याकडे रस्त्यावर ढिगाने पडतात.

उरलेल्या चौदांपैकी सकाळपर्यंत किती राहिले ते कळवा. विहिरीचं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन दोन थेंब टाका आणि रंग सांगा. पिवळा आला तर पहिलं काम शेजारी विचारायचं, शनिवारी-रविवारी कोण येऊन गेलं.