गाडी गेली, पण हिशेब मागितलास का?

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचला. ‘काका, गाडीच माझ्याजवळ नाही, मग पैसे कशाचे?’ हा तुझा प्रश्न. हप्ते थकले म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीने गाडी उचलली, लिलावात विकली आणि वर बाकी रकमेची नोटीस धाडली. चीड समजते, पण प्रश्न चुकीचा आहे. तू पैसे उसने घेतले होतेस, गाडी तारण होती. तारण विकून जे हाती आलं ते वजा करायचं, उरेल ते तुझ्या नावावर राहतं. देणं बुडवू नये हे तुमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही, म्हणून त्यावर शाई घालवत नाही.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. नोटिशीतला आकडा तू पैशापर्यंत सांगितलास. लिलावात गाडी कितीला गेली, असं विचारलं तर गप्प! वडील शेत गहाण टाकायला निघालेत आणि छोटा हत्ती टेम्पो विकला कितीला हे घरात एकालाही ठाऊक नाही. अरे, आधी हिशेब, मग पैसे. आणि हिशेब म्हणजे फोनवर सांगितलेला आकडा नव्हे. लेखी.

आता काय मागायचं ते नीट वाच. गाडी उचलली त्या दिवशी मुद्दल किती बाकी होतं, थकलेले हप्ते किती, दंड किती, ओढून नेल्याचा खर्च किती, गाडी उभी ठेवल्याचं यार्डाचं भाडं किती दिवसांचं. गाडीची किंमत कुणी ठरवली, त्याचा अहवाल. लिलाव कुठल्या तारखेला झाला, बोली किती आली, ती रक्कम तुझ्या खात्यात कधी जमा झाली. लिलावानंतरही जुन्या आकड्यावर व्याज चालूच ठेवलंय का, तेही बघ. दंडाच्या रकान्यावर तर बोट ठेवूनच विचार, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. 1 एप्रिल 2024 पासून हे नव्या कर्जांना लागू आहे, आणि तुझं कर्ज त्यानंतरचं.

गाडी उचलण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी द्यायची, हे करारातच लिहिलेलं असावं लागतं. तुला ती संधी दिली का? तू म्हणतोस, ‘फोन आला होता बहुतेक.’ बहुतेक! कराराची प्रत तुझ्याकडे नाही, कारण ‘पोस्टाने येईल’ म्हणाले आणि तू मान हलवलीस. मग आता माग. कराराची प्रत, त्या सूचनेची प्रत, ती पाठवल्याची पोस्टाची पावती.

इंग्रजी कळत नाही म्हणून लाजू नकोस. कर्जदाराला समजेल त्या भाषेत कळवावं, असं रिझर्व्ह बँकेनेच या कंपन्यांना सांगितलेलं आहे. मराठीत माग. तिथला पोरगा कन्नडमध्ये समजावून देत असेल तर तेही ऐक, तुला ते येतं. आपल्या भागातलं भाषेचं भांडण या टेबलावर आणायचं कारण नाही. आकडे मात्र कागदावर हवेत.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या डोक्यातही आली नसेल. केए-22 नंबरची ती गाडी आज कुणाच्या नावावर आहे? सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघ. विकत घेणाऱ्याने नाव बदललं नसेल तर कागदोपत्री मालक अजून तूच. उद्या चोर्ल्याच्या घाटात तिने कुणाला उडवलं आणि विमा संपलेला असला, तर भरपाईची नोटीस तुझ्या दारात येईल. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमारच्या खटल्यात सांगितलंय. ताब्यात घेतलेली गाडी कंपनीला आरटीओत स्वतःच्या नावावर करून घेता येते, त्याचा फॉर्म 36. ती केली का, पुढे कुणाला विकली, हे लेखी विचार. आरटीओलाही एक अर्ज दे आणि त्यावर पोच घे.

आता वडिलांचं. ते जामीनदार आहेत. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. कंपनी तुला सोडून थेट त्यांच्यामागे लागू शकते. म्हणून त्यांना अंधारात ठेवू नकोस.

जामीनकीचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझ्या चुलतभावाने लॉरी घेतली तेव्हा मला जामीन राहायला बोलावलं. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहिणारा माणूस. करार वाचायला मागितला. ‘आधी सही करा, प्रत नंतर मिळेल’ म्हणाले. मी पेन खाली ठेवलं आणि उठलो. भावाने बोलणं टाकलं, माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही. पुढे लॉरी गेली, लिलाव झाला, नोटीस आली. रस्त्याकडेची जमीन विकून त्याने नोटिशीतला आकडा होता तसा भरला, एक प्रश्न न विचारता. भाऊबंद अजून म्हणतात, मी त्याला नडलो. म्हणू देत. सही केली असती तर एकाच्या जागी दोघांची जमीन गेली असती, आणि आजही न वाचता मी सही करणार नाही. सलतं ते एवढंच, की नोटीस आली तेव्हा मी आपण होऊन त्याच्या दारात गेलो नाही. त्याने बोलावलं नाही, मी गेलो नाही. तो कागद मी एकदा तरी बघायला हवा होता. तुला एवढं मोठं पत्र का लिहितोय ते आता कळलं असेल.

वसुलीवाल्यांशी हुज्जत घालू नकोस. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर त्यांनी वसुलीचे फोन करायचे नाहीत, हा नियम आहे. शिवीगाळ केली, घरी येऊन दमदाटी केली तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि पोलिसांत तक्रार दे. त्यांच्यातल्या कुणाच्या मोबाईलवर एक रुपयाही पाठवू नकोस. ‘तूर्त पाच हजार टाक, बघू’ म्हणतील. असा हप्ता भरला किंवा ‘देणं मान्य आहे’ यावर सही केलीस, तर दाव्याची तीन वर्षांची मुदत पुन्हा नव्याने मोजली जाऊ शकते. हिशेब हातात येईपर्यंत सही नाही.

चावडीवर कुणीतरी म्हणालं की सरकारने असली कर्जं रद्द केलीत. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकाने जाचक वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला हे खरं. पण कर्ज रद्द होण्याची गोष्ट त्यात नोंदणी नसलेल्या सावकारी संस्थांपुरती आहे. तुझी कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली. त्या आशेवर बसू नकोस.

उद्या चेन्नईहून नाहीतर मुंबईहून लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्याचं, पाकीट येईल. ते परत पाठवलंस तरी नोटीस बजावली असंच धरतील. पाकीट घे आणि लवाद कंपनीने एकटीनेच नेमला असेल तर लेखी हरकत दे. वादात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली म्हटलंय. गप्प बसलास तर निवाडा होईल आणि त्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकुमासारखी होते. तो कोर्टात उलटवायला साधारण तीन महिनेच मिळतात.

हिशेब बघून रक्कम खरी वाटली तर तडजोड कर, मी आडवा येणार नाही. राष्ट्रीय लोक अदालतीत असली प्रकरणं मिटतात, कोर्ट फी लागत नाही. मात्र ‘एवढ्यावर खातं बंद’ असं कंपनीच्या कागदावर आल्याशिवाय पैसे सोडू नकोस, आणि भरायचे ते कर्जखात्यातच. कमी रकमेवर मिटवलंस तर सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ दिसेल आणि पुढचं कर्ज अवघड जाईल. ते पचवायची तयारी ठेव.

पत्र तूच लिही, मी दुरुस्त करून देईन. पोस्टाने पाठव, पावती जप, तोच मजकूर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल कर. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, त्याला फी नाही. शनिवारी वडिलांना घेऊन ये. नोटीस, बँकेचं पासबुक, हप्त्याच्या पावत्या, जे असेल ते पिशवीत घालून आण. शेताचा उतारा मात्र घरीच ठेव.

तुझा,
काका