‘सुरकुती’ आणि ‘आठी’ यात फरक काय? दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतात का?

नाही, चालत नाहीत. सुरकुती आपोआप पडते आणि बहुधा टिकते. वयाने चेहऱ्यावर, सुकलेल्या फळाच्या सालीवर. आठी क्षणाची असते. राग, त्रासिकपणा किंवा विचार कपाळावर उमटला की आठ्या पडतात आणि मन निवळलं की जातात. म्हणून ‘त्याने कपाळाला आठ्या घातल्या’ असं म्हणतो. ‘सुरकुत्या घातल्या’ असं कुणी म्हणत नाही, कारण सुरकुती घालता येत नाही, ती पडते.

सुरकुती स्त्रीलिंगी, अनेकवचन सुरकुत्या. क्रियापद सुरकुतणे, आणि ते मला फार नेमकं वाटतं: कपडे बराच वेळ धुतल्यावर बोटांची टोकं पांढरट होऊन सुरकुततात, तिथे दुसरा शब्द बसतच नाही.

कापडाचं मात्र जरा वेगळं आहे. सदरा बोचक्यात कोंबला तर तो चुरगळतो. त्यावर सुरकुत्या पडल्या म्हटलं तरी चालतं. शिवताना मुद्दाम घालतात त्या चुण्या. नीट दुमडली ती घडी. आणि ‘मुरड’ म्हणजे कडा वळवून दुमडणं, ‘इच्छेला मुरड घालणे’ यातही हाच शब्द आहे.