ज्याचे पाय चेपले, त्याच्याच पाया का पडतात?

प्रिय मनू,

वारीचा व्हिडिओ पाहून तू विचारलंस, रस्त्याकडेला बसलेला माणूस वारकऱ्याचे पाय तेलाने चोळतो, पैसे घेत नाही आणि वर त्याच्याच पाया पडतो, हे उलटं नाही का? पुढे हेही विचारलंस, की फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या तुझ्या हातांचा तिथे काही उपयोग होईल का.

पहिल्याचं उत्तर पंढरपूरच्या देवळाच्या पायरीवर आहे. आत शिरताना पहिली पायरी लागते ती नामदेवांची. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी समाधीसाठी ही जागा मागून घेतली, असं परंपरा सांगते. वारीत चालून आलेल्या पायांना असा मान आहे. आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी निघते ती सुमारे २५० किलोमीटर चालून आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोचते. ज्याला चालता येत नाही किंवा दुकान सोडून येता येत नाही, त्याला या पायांना हात लावायला मिळाला की आपलीही थोडी वारी घडली असं वाटतं. म्हणून नमस्कार तो करतो. आणि व्हिडिओ पुन्हा नीट बघ, वारकरीही वाकतो. दोघं एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि हिशोब तिथल्या तिथे मिटतो.

मग जो तो आपल्याकडे आहे ते घेऊन बसतो. नाभिक वस्तरा, चर्मकार आरी आणि रापी, शिंपी मशीन, डॉक्टर औषधाची पेटी. या परंपरेचे संतही कामकरीच: गोरोबा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार. नामदेव स्वतः शिंप्याच्या घरातले. अरणचे सावता माळी तर मळा सोडून पंढरपूरला गेलेच नाहीत म्हणतात, पिकाला पाणी देणं हीच त्यांची पूजा.

आता पायांचं सांगतो, कारण तुझा विषय तोच आहे.

सगळ्यात आधी वेळ. वारकरी एकटा चालत नाही, दिंडीत चालतो. दिंड्यांना क्रमांक असतात, काही पालखीच्या रथापुढे, काही रथामागे, आणि ती ओळ मोडत नाहीत. मध्येच बाहेर काढून कुणाला खुर्चीवर बसवलं तर त्याला नंतर दुखऱ्या पायांनी धावत आपली दिंडी गाठावी लागते. म्हणून पाय चेपायची खरी वेळ म्हणजे दुपारचा विसावा, नाहीतर मुक्कामावर समाजआरती, म्हणजे सगळ्या दिंड्यांची एकत्र आरती, झाल्यानंतर.

बसल्या बसल्या तेल लावायचं नाही. आधी कोमट पाण्याने चिखल धुवायचा आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या पुसायच्या. आषाढाचा पाऊस, दिवसभर ओले पाय, त्यामुळे चिखल्या झालेल्या असतात: कातडी पांढरी, फुगलेली, चिरलेली. त्यावर तेल चोपडलं की ओल आतच कोंडते आणि चिखल्या वाढतात. मग टॉर्चच्या उजेडात तळवा बघायचा. फोड न फुटलेला असेल तर तसाच ठेवायचा, वरचं कातडं हीच त्याची सगळ्यात चांगली पट्टी. फुटला असेल तर धुऊन, कोरडा करून न चिकटणारी पट्टी लावायची, लोंबतं कातडं ओढून काढायचं नाही.

तेल तिळाचं किंवा खोबरेल, एका पायाला चमचाभर पुरे. हौसेने वाटीभर ओतणारे बरेच असतात. त्याने पाय चपलेत सरकतो आणि दुसऱ्या दिवशी नवा फोड येतो, म्हणून शेवटी तळवा पुसून द्यायचा. पोटरीवर हात घोट्याकडून गुडघ्याकडे, तळव्यावर अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे. दोन्ही पायांना मिळून दहा मिनिटं. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा ३० किलोमीटरच्या वर आहे. त्या रात्री पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात आणि जोर लावायचा मोह होतो. लावायचा नाही, सकाळी दुखणं वाढलेलं असतं.

हात लावण्याआधी ‘माउली, शुगर आहे का?’ हे विचारायचंच. मधुमेहात पाय बधिर झालेला असला तर पाणी पोळतंय हे त्या माणसाला कळत नाही, तेव्हा आपलं कोपर बुडवून बघ. आणि एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी दिसली तर अजिबात चोळायचं नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तिथे सेवा म्हणजे माणसाला बसवून ठेवणं आणि डॉक्टर गाठणं किंवा १०८ ला फोन.

बाकीच्या कामांतही असंच बारीक ज्ञान असतं. चपलेचा अंगठा तुटला की सोल्यूशनने चिकटवणं सोपं, पण ओल्या चामड्यावर ते धरत नाही, म्हणून पावसात टाकाच घालावा लागतो. तोही कडेपासून थोडा आत, नाहीतर चालताना चामडं फाटतं. चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकली तर टोक वळवून दाबायचं आणि आतून बोट फिरवून बघायचं. नाभिकाने दाढी आधी धुवायची, कारण रस्त्याच्या धुळीने पात्याची धार जाते आणि गाल सोलतो. प्रत्येकाला नवं अर्धं पातं, वापरलेलं झाकणाच्या डब्यात. फुकट करतोय म्हणून एकच पातं चौघांना चालवलं तर तो कावीळ वाटत बसलाय, एवढंच मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र गोड करून सांगणार नाही. ही कामं जातीने ठरलेली होती आणि ती करणाऱ्यांना मान नव्हता. महार जातीत जन्मलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. दलितांसाठी विठ्ठलाचं देऊळ उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावं लागलं. तेव्हा ‘तुम्ही चांभार, वारीत चपला शिवून द्या’ असं दुसऱ्याने म्हणायचं नसतं. स्वतः ठरवून केली तर सेवा, दुसऱ्याने करून घेतली तर वेठबिगार.

तुझ्या हातांबद्दल. उपयोग आहे, फक्त जागा नीट निवड. पुण्यात पालखीचा मुक्काम दोन रात्री असतो आणि तिथे मदत करणारे भरपूर मिळतात. पुढच्या लहान मुक्कामांवर हात कमी पडतात. एकटी जाऊन बसू नकोस, एखाद्या दिंडीला किंवा वैद्यकीय पथकाला आधी विचार आणि तू विद्यार्थिनी आहेस हे सांग. शिकवलंय तेवढंच कर, सांधे कडकन मोडून दाखवू नकोस. आणि पाय चेपताना त्यांचे फोटो काढू नकोस, थकलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

या जुलैला जमणार नसेल तर तिकडे परदेशातच आपल्या मराठी मंडळाच्या दिंडीत बघ. तिथे अंतर थोडं असतं आणि बूट चांगले असतात, चेपायला फारसं कुणी येणार नाही. पण भारतातून आलेले आजी-आजोबा असतात, वाकून स्वतःचे तळवे बघता न येणारे. त्यांचे तळवे बघून भेग किंवा जखम दिसली तर घरच्यांना सांग.

सामानात तेलाची एक बाटली पुरेल. टॉवेल मात्र भरपूर ने, माणशी एक. एकाच टॉवेलने दहा जणांचे पाय पुसले की एकाची बुरशी दहाही जणांना होते.

तुझा,
बाबा